सशांच्या प्रश्नांचा तास

सशाला गाजर द्यावं का?

जगातले बाकीचे प्रश्न संपले असावेत. दवाखान्याच्या फोनवर हा प्रश्न रोज यायचा, एक दिवस खाडा नाही. बाहेरच्या खोलीत फोन उचलणाऱ्या डॉक्टरीणबाईंना उत्तर तोंडपाठ होतं. कधीतरी तुकडाभर, पोराच्या हातावर गोळी ठेवावी तसं. पोट भरायला वाळलेलं गवतच. पण ओठांवर आलेलं उत्तर गिळायचं आणि म्हणायचं, "थांबा हं, डॉक्टरांना देते." उत्तर देणं हे डॉक्टरांचं काम. फोन उचलणं हे बायकोचं. डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांची बायको, एवढीच त्यांची पदवी, आणि ती त्यांना लग्नात फुकट मिळाली होती.

डॉक्टर जनावरांचे, त्यातही सशांचे. कुत्र्यामांजरांना सुई टोचणारे शहरात पायलीला पन्नास, पण सशाला हात लावायचा म्हटलं की भल्याभल्यांची बोटं थरथरायची. कुठे दाबलं की पाठ मोडते, कधी भूल जास्त होते, काही सांगता येत नाही. म्हणून लोक ससे घेऊन इथे यायचे. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी दुपारी चार ते पाच फोनवर फुकट सल्ला. त्याला लोकांनीच 'प्रश्नांचा तास' म्हणायला सुरुवात केली होती.

"डॉक्टर, आमचा ससा स्वतःचीच लेंडी खातो हो! वेड लागलं का त्याला?"

"वेड कसलं? ती मऊ लेंडी वेगळी. पहिल्या फेरीत जे पचत नाही ते तो दुसऱ्या फेरीत पचवतो. आपल्यापेक्षा काटकसरी आहे. खाऊ द्या."

"डॉक्टर, ससा एकदम धाडकन आडवा पडला, पाय ताणून. गेला वाटतं!"

"श्वास चालू आहे ना? मग तो सुखात आहे, बाई. कशाचीही भीती नसली की ससा असा झोपतो. तुमच्या घराला मिळालेलं प्रशस्तिपत्रक आहे ते. हलवू नका."

रागावायचे ते फक्त एका प्रश्नावर. कोणीतरी शहराबाहेरच्या माळावर रानसशाचं पिल्लू बघायचं, एकटंच, गवतात दबून बसलेलं, आणि दया येऊन घरी उचलून आणायचं. "आत्ताच्या आत्ता जिथून आणलंत तिथे नेऊन ठेवा," डॉक्टर कडाडायचे. "ते काय पाळीव सशाचं उघडं, आंधळं पिल्लू वाटलं तुम्हाला? रानससा डोळे उघडून, अंगावर केस घेऊनच जन्माला येतो. त्याची आई मुद्दाम लांब राहते, तिच्या वासावर कोल्हा येऊ नये म्हणून. अंधार पडला की येते, पाजते आणि जाते. तुम्ही त्याला वाचवलं नाहीत, पळवलंत!"

पण हा राग एरवीचा नव्हे. एरवी फोनवरचा त्यांचा आवाज म्हणजे नुसती साय. आणि घरात? घरात या माणसाच्या तोंडून दोन वाक्यं काढायची तर दगडाला पाझर फोडावा लागायचा. दवाखान्याच्या मागच्याच दोन खोल्यांत ते राहायचे. मधलं दार ओलांडलं की साय तिकडे राहायची आणि इकडे यायची ती खरवड.

प्रत्येक फोनच्या शेवटी डॉक्टर एकच गोष्ट सांगायचे. बाई ती भिंतीआडून रोज ऐकायच्या. "लक्षात ठेवा, ससा दुखणं सांगत नाही. लपवतो. जो कण्हला तो खाल्ला गेला, हे त्याच्या रक्तात आहे. तेव्हा तो सांगेल म्हणून वाट बघत बसू नका. सांगण्याची वाट बघायची नसते, बघायचं असतं. कसा बसतो, काय उष्टं टाकतो, डोळे कसे मिटतो. तो खायचा थांबला म्हणजे उशीर झाला."

काय गोड वाक्य! टाळ्याच वाजवाव्यात.

असलंच एक वाक्य बाईंनी पहिल्यांदा ऐकलं ते लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा. दाढ ठणकत होती. नव्या घरात सांगायचं कसं, म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. सकाळी चहा पिताना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून नवरा म्हणाला, "उजवीकडची, खालची. हो ना? कप डाव्या बाजूला धरतेस." बाई चकितच झाल्या. तो हसून म्हणाला, "मुक्या जनावरांचा डॉक्टर आहे मी. तुला माझ्याशी बोलायची गरजच पडणार नाही बघ."

तेव्हा ते वाक्य त्यांना दागिन्यासारखं वाटलं होतं. अंगावर मिरवलं त्यांनी ते, बहिणीलासुद्धा दहादा सांगितलं. ती धमकी होती हे कळायला अर्धं आयुष्य गेलं.

तर या उन्हाळ्यापासून बाईंच्या घशाखाली घास उतरेना. दोन घास जायचे, तिसरा अडायचा. बरगड्यांच्या खाली काहीतरी कुरतडत राहायचं. रात्री त्या बिछान्याच्या कडेला पोटाशी पाय घेऊन बसायच्या. शेजारी डॉक्टर घोरत असायचे. कपडे अंगावर लोंबायला लागले. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायला लागलं तेव्हा त्या पट्टा घेऊन नवऱ्याकडे गेल्या. म्हटलं, आता तरी बघेल. डॉक्टरांनी दवाखान्यातली जाड सुई आणली, पट्ट्याला नवं भोक पाडलं आणि म्हणाले, "चामडं जुनं झालं की ताणतं." आणि पट्टा परत दिला. मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही.

कळलं ते दुसऱ्याच माणसाला. बाईंची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे शिवणकामाचं दुकान चालवायची. थंडीचा कोट आत घ्यायला म्हणून बाई गेल्या, धाकटीने कमरेभोवती टेप टाकला आणि तिचे हातच थांबले. "ताई, तुझं माप माझ्या बोटांना पाठ आहे. हे तुझं नाही." दुसऱ्या दिवशी ती बाईंना जवळजवळ ओढतच पोटाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या डॉक्टरने पोट दाबलं, एका जागी पुन्हा दाबलं, आणि मग फार गोड बोलायला लागला. डॉक्टर गोड बोलायला लागला की घाबरावं, हे बाईंना घरच्या अनुभवाने माहीत होतं. गुरुवारी सकाळी नळी घालून आतून तपासायचं, तुकडा काढायचा असं ठरलं. "एकट्या येऊ नका," तो म्हणाला. "मिस्टरांना घेऊन या."

मिस्टरांना. तिथेच सगळं अडलं.

"आज रात्रीच सांग भावजींना," धाकटी म्हणाली.

"नाही सांगणार. त्यांनी विचारू दे. 'तुला काय होतंय' एवढे तीन शब्द. मग मी सगळं सांगेन, आणि हात धरून घेऊन जाईन त्यांना."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर तू आहेस. आणि तिथून पुढे मी तुझ्याकडेच राहायला येईन. ज्या घरात मी दिसत नाही तिथे दुखणं काढायला नाही जायचं मला."

"अगं ए, तोंड आहे ना तुला? बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं! कुणाला दाखवतेयस हा हट्ट?"

धाकटीचं काही चुकत होतं का? अजिबात नाही. हट्टच होता, शंभर टक्के हट्ट. अशा दुखण्यात माणूस नवऱ्याची परीक्षा घेत बसतं का? पण तेवढं एक वाक्य उशाशी घेऊन बाईंनी संसार केला होता. 'तुला बोलायची गरजच पडणार नाही.' ते खोटं निघालं तर मागे काय उरत होतं? फोन उचलणं.

म्हणून त्या वाट बघत राहिल्या. जेवताना ताट तसंच भरलेलं ठेवायच्या, मुद्दाम नवऱ्याच्या नाकासमोर. एकदा डॉक्टरांनी खरंच त्या ताटाकडे बघितलं. बाईंनी ताट आणखी पुढे सरकवलं. डॉक्टरांनी हात पुढे केला, ताटातली सॅलडची पानं उचलली आणि म्हणाले, "बरं झालं ठेवलीस. म्हातारबाला होतील."

म्हातारबा म्हणजे घरातला ससा. एका डोळ्याने अधू, दात झिजलेला, कोणीतरी दवाखान्याच्या पायरीवर खोक्यात घालून टाकलेला. डॉक्टर रोज संध्याकाळी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवून वजन करायचे. मागच्या आठवड्यात काटा केसभर मागे सरकला, तर केवढी धावपळ! दात बघितले, पोटाला कान लावला, कंदील धरल्यासारखी बॅटरी धरून लेंड्या तपासल्या. बाई बाजूला उभ्या राहून टॉवेल धरत होत्या. त्या काट्यावर आपणच चढून बसावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. निदान आकडा तरी वाचतील.

बुधवार उजाडला. अजून एक दिवस हातात होता. दुपारी बाई धाकटीच्या दुकानात आल्या आणि खुर्चीत बसल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "तुझा फोन दे."

"कशाला?"

"प्रश्न विचारायचाय."

धाकटीने डोक्याला हात लावला. पण फोन दिला. वर कापडाचा एक तुकडाही दिला, बोलायच्या भोकावर धरायला. दवाखान्यातला फोन जुना, कुणाचा नंबर आलाय ते दाखवायची सोय त्याला नाही. बायको घरी नसल्यामुळे डॉक्टरांनी स्वतःच उचलला.

"बोला." साय. तीच साय.

"डॉक्टर, ससा खात नाहीये," बाई कापडातून म्हणाल्या.

"घाबरू नका. एकेक विचारतो. नर की मादी?"

"मादी. वय झालंय."

"बरं. खात नाही म्हणजे अजिबात नाही, की तोंड लावून सोडते?"

"दोन घास घेते. मग सोडते."

"हे तुमच्या लक्षात आलं हे फार चांगलं झालं. लोक नुसतं गवत संपलं की नाही तेवढं बघतात. जनावराकडे कोणी बघत नाही."

बाईंनी कापड काढून टाकलं. पूर्ण, स्वच्छ आवाज. आता ओळखायलाच हवा होता. या आवाजाने त्यांनी हजार वेळा 'थांबा हं, डॉक्टरांना देते' म्हटलं होतं.

"बसते कशी?" डॉक्टरांनी विचारलं. "अंग चोरून? पोटाशी पाय घेऊन?"

"हो. रात्रभर. बिछान्याच्या कडेला."

"बिछान्यावर घेता? प्रेम आहे हो तुमचं. पडू मात्र देऊ नका. दात खाते का? हळू वाजले तर ते सुखाचं असतं, मांजर गुरगुरतं तसं. करकर वाजले तर वेदना."

"करकर वाजतात. झोपेत."

"अरेरे. आणि वजन?"

"उतरलंय. पट्टा सैल झाला. नवं भोक पाडून घ्यावं लागलं."

"सशाला कसला पट्टा, बाई? मानेला फास बसेल. आणि भोक पाडलं कुणी?"

"घरातल्यांनीच."

"काय म्हणायचं या माणसांना! पट्टा का सैल झाला हे नाही बघितलं त्यांनी? पट्ट्याकडे बघत बसले? कधीपासून चाललंय हे?"

"उन्हाळ्यापासून."

धाकटीने मशिनवरचा पाय काढला होता. बाई दोन्ही हातांनी फोन धरून बसल्या होत्या. आता, त्यांना वाटलं. आता सगळं जुळेल. पट्टा, ताट, बिछाना. ओळख ना रे, ओळख. एकदा नाव घे माझं.

"उन्हाळा जाऊन किती काळ लोटला!" डॉक्टरांचा आवाज कडक झाला. "बाई, पोटात अन्न नसलं तर ससा दोन दिवसांत संपतो. त्याचं आतडं थांबलं की सगळं थांबतं. महिनोन्महिने तो असा राहूच शकत नाही. एवढं सहन करणारं जनावर अजून जन्माला आलेलं नाही. तुम्ही काहीतरी चुकीचं सांगताय."

"चुकीचं नाही सांगत."

"मग घरात बघणारं कोणी आहे की नाही?"

"आहे ना. डॉक्टरच आहेत घरात."

"डॉक्टर? मग तो डॉक्टर गाढव आहे! माझं नाव घेऊन सांगा त्याला."

"सांगते."

"आणि उद्या सकाळी तिला घेऊन या. उशीर करू नका. मी बाकी सगळं बाजूला ठेवतो."

"नक्की याल... असाल तुम्ही?"

"असेन म्हणजे काय? तिच्यासाठी असणारच."

बाईंनी फोन ठेवला. धाकटी बघतच होती. "ओळखलं?"

"नाही. पण उद्या सकाळी माझ्यासाठी सगळं बाजूला ठेवणार आहेत."

दोघींना हसू फुटलं, असलं हसू की धाकटीच्या मांडीवरची टाचण्यांची डबी सांडली. मग धाकटी रडायला लागली आणि बाई खाली वाकून टाचण्या वेचत राहिल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," धाकटी नाक पुसत म्हणाली. "कसला मेला डॉक्टर!"

त्या रात्री जेवताना डॉक्टर आपणहून बोलायला लागले. कधी नव्हे ते! तोच फोन, तीच बाई, तीच ससुली. "काळीज हललं गं माझं. किती दिवस सोसत असेल ते जनावर! आणि घरातला तो मूर्ख पट्ट्याला भोकं पाडत बसलाय." बोलताना त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते. बाईंना हे बघवेना. दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं. दुष्टाचा निदान राग तरी पुरता येतो.

शेवटचं म्हणून त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता तिचा?"

"आवाज?" डॉक्टरांनी घास तोंडात तसाच धरून विचार केला. "कसा म्हणजे? बाईमाणसाचा. मी लक्षणं ऐकत होतो. आवाज कशाला ऐकू?" मग त्यांना आठवलं, "उद्या जरा लवकर उघड दवाखाना. ती येईल."

"उद्या सकाळी मी नाहीये. धाकटीबरोबर बाहेर जायचंय."

"उद्याच? आणि ती बाई आली म्हणजे?"

"नाही येणार ती."

"तुला काय माहीत?"

"काही गोष्टी न सांगता कळतात," बाई म्हणाल्या. डॉक्टर तोवर उठून म्हातारबाला काट्यावर बसवत होते. वजन बरोबर भरलं, तसं त्यांना हायसं वाटलं.

सकाळी बाईंनी बॅग भरली. दोन रात्रींचे कपडे न घेता सगळेच घेतले. कोट चढवून दारात उभ्या राहिल्या. डॉक्टर खिडकीतून रस्त्याकडे नजर लावून बसले होते, ससुलीची वाट बघत. त्यांनी मान वळवली. बायकोकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, चांगलं निरखून. किती वर्षांनी!

"हा कोट धाकटीचा का गं?" ते म्हणाले. "तुला मोठा होतो." आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

कोट बाईंचाच होता, आत घ्यायचा राहून गेलेला. डॉक्टरांनीच वाढदिवसाला आणून दिलेला. बाईंनी दार हळूच लावलं, दवाखान्यातले ससे दचकू नयेत म्हणून.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये लोखंडी बाक होते आणि फिनेलचा वास. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती आणि तिचा नवरा तिच्या बुटांच्या नाड्या सोडत होता. बाईंनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच बघत राहिल्या. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

"अगं, आहेस कुठे तू?" डॉक्टरांचा आवाज. साय नाही, खरवड नाही. घाबरलेला माणूस. क्षणभर, एक क्षणभरच, बाईंना वाटलं, कळलं. शेवटी कळलं यांना. त्या उठून उभ्या राहिल्या. हॉस्पिटलचं नाव अगदी ओठांवर आलं.

"म्हातारबाने गवताला तोंड लावलं नाही सकाळपासून," डॉक्टर म्हणाले. "कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. पोट तपासलं, दात तपासले, काही सापडत नाही. काल काय घातलंस तू त्याला?"

बाई पुन्हा बाकावर बसल्या. धाकटीने फोन ओढून घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी अलगद बाजूला सारला.

"त्याला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला गवत ओढता येत नाही. दात झिजल्यापासून मी रोज हाताने भरवते, काडी काडी करून. तुम्ही टोपलीत टाकलं असणार. खाली बसा आणि हातावर घेऊन द्या. खाईल."

पलीकडे खुडबूड झाली. मग बारीक कुरकुर ऐकू आली, म्हातारबाच्या दातांची. खात होता.

"खातोय!" डॉक्टर ओरडले. आणि मग, खरोखरच दुखावल्यासारखे, "पण हे मला कधी सांगितलं नाहीस तू? रोज भरवत होतीस, आणि एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

आतून नर्सने बाईंचं नाव पुकारलं. सोबत कोण आहे, तिने विचारलं. धाकटी उठली.

"सांगण्याची वाट बघायची नसते, डॉक्टर," बाई म्हणाल्या. कालचा फोन सोडला तर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला, फोन करणारे लोक म्हणतात तसं, डॉक्टर म्हटलं. "बघायचं असतं."

फोन बंद करून त्यांनी तो बॅगेच्या तळाशी टाकला, कोट काढून धाकटीच्या हातात दिला आणि नर्सच्या मागे आत गेल्या.